आयुधपूजेला निजवलेला सर्व्हर

"आपल्या श्रीगंध एन्क्लेव्हमध्ये माणसं कमी आणि अॅप जास्त झालीत," असं मी कार्यकारिणीच्या बैठकीत म्हणालो आणि हशा पिकला. तिथेच मी फसलो. हशा मिळाला की माणसाला पुढे बोलावंसं वाटतं, आणि पुढे बोललं की अध्यक्ष म्हणतात, "मग हेब्बार, हे काम तुम्हीच घ्या."

वाक्य मात्र खोटं नव्हतं. फाटकावरच्या पाहुण्यांसाठी एक अॅप, लिफ्टच्या कार्डासाठी दुसरं, पाण्याच्या टँकरसाठी तिसरं, क्लबहाउससाठी चौथं आणि तक्रारींसाठी पाचवं. पाचांचे पासवर्ड वेगळे, पाचांचं एकमेकांशी बोलणं नाही. इस्टेटीवरून फाटलेले पाच भाऊच जणू. आमच्या लिफ्टला वर जायची बटणं नाहीत. कार्ड टेकवलं की ती ज्याला त्याला आपापल्या मजल्यावर नेऊन सोडते. आता पाहुण्याला फाटकाने आत घेतलं, हे लिफ्टला कोण सांगणार? पाहुणा बिचारा कोरं कार्ड हातात धरून लिफ्टच्या आरशात स्वतःचे केस नीट करत राही.

गेल्या नवरात्रात माझ्या बायकोच्या, म्हणजे अलमेलूच्या, कमलाआत्या मल्लेश्वरमहून दोन बस बदलून आमच्याकडे नवरात्रात पायऱ्यांवर मांडतात त्या बाहुल्या बघायला आल्या, लिफ्टमध्ये अर्धा तास उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. वर आम्ही कोसंबरी, म्हणजे भिजल्या डाळीची कोशिंबीर, झाकून वाट बघतोय.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण सगळं प्रकरण त्या बाहुल्यांपाशीच येऊन थांबतं. आमचं मल्लेश्वरमचं भाड्याचं घर होतं तेव्हा नवरात्रात नऊही संध्याकाळी दार सताड उघडं असे. शेजारणी, त्यांच्या सुना, सुनांच्या मैत्रिणी, कोणीही यायचं. अलमेलू रोज वेगळ्या कडधान्याची कोरडी उसळ, म्हणजे सुंडल, करी आणि तरी ते पुरत नसे. तिच्या आईने लग्नात दिलेली राजा-राणीची लाकडी जोडी सगळ्यांत वरच्या पायरीवर, आणि खाली दशावतार, वाण्याचं दुकान, क्रिकेटचा सामना, सगळं. अकराव्या मजल्यावर राहायला आल्यावर पायऱ्या तेवढ्याच राहिल्या, बाहुल्या वाढल्या आणि बघणारे गेले. गेल्या वर्षी चार जण आले. त्यातला एक गॅसची नळी बदलायला आलेला होता.

"या वर्षी मांडायच्याच नाहीत," असं ती श्रावणात म्हणाली. मी म्हणालो, "अलमेलू, मांड. या वर्षी तुझ्याकडे येणाऱ्या एकाही माणसाला कोणी अडवणार नाही. हा माझा शब्द."

"तुमचा शब्द," एवढंच ती म्हणाली. त्यातला सूर मी ऐकला नाही असं दाखवलं.

तर, उपाय काय? उपाय होता एपीआय गेटवे. सॉफ्टवेअर कंपनीत मी मॅनेजर होतो, म्हणजे सॉफ्टवेअर सोडून बाकी सगळं केलेलं. पण गेटवेचं चित्र मी शेकडो सादरीकरणांत काढलं होतं: मधोमध एक चौकोन, त्यात येणारे बाण, त्यातून जाणारे बाण. चौकोनाच्या आत काय असतं ते विचारायची वेळ ना गिऱ्हाइकावर आली, ना माझ्यावर.

बैठकीत मी ते सोपं करून सांगितलं. "हे बघा, दर्शिनी हॉटेलात उभ्याने खायला आपण डोसा कुठे मागतो? गल्ल्यावर. गल्ल्यावरचा माणूस आपल्याकडे बघतो, पैसे घेतो, टोकन देतो. डोसेवाला टोकन बघतो आणि डोसा देतो. कॉफीवाला टोकन बघतो आणि कॉफी देतो. त्यांना तुम्ही कोण, कुठले, याच्याशी कर्तव्य नाही. गेटवे म्हणजे तो गल्ल्यावरचा माणूस. पाचही अॅपच्या विनंत्या त्याच्याकडे येणार. तो ओळख पटवणार आणि जिथली तिथे पाठवणार."

अध्यक्ष गंगाधरप्पा कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. प्रत्येक योजनेत माणूस कुठे पडेल ते त्यांना आधी दिसतं. ते म्हणाले, "आणि गल्ल्यावरचा जेवायला गेला म्हणजे?"

"सर्व्हर जेवत नाही, सर," मी म्हणालो. पुन्हा हशा. माझी गाडी आता उतारावर लागली होती.

"किंमत काय याची?"

"फुकट आहे. मुक्त सॉफ्टवेअर. जगभरातले लोक मिळून लिहितात, कोणीही उतरवून घ्यावं."

फुकट म्हटल्यावर आमच्याकडे लोक आधी पाकीट चाचपतात. गंगाधरप्पांनी नियमावली उघडली. संस्थेसाठी काहीही घ्यायचं तर तीन ठिकाणचे दर मागवावे लागतात.

"सर, याला दरच नाही."

"मग तीन ठिकाणांहून दर नसल्याचे कागद आणा."

मी आणले. तीन वेगवेगळे गेटवे शोधले, तिघांच्या संकेतस्थळांवरची 'मोफत' लिहिलेली पानं छापून पुढच्या बैठकीत ठेवली. तीन शून्यं एकाखाली एक मांडून कार्यकारिणीने तुलना केली. खजिनदारांनी सगळ्यांत कमी दराला मंजुरी द्यावी असं सुचवलं. गंगाधरप्पांनी माझ्या पसंतीच्या कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ठीक आहे. पण एकदम हो म्हणू नका. थोडं कमी करायला सांगा."

क्लबहाउसच्या मागच्या खोलीत संस्थेचा जुना संगणक होता. कॅरमचे दोन बोर्ड, फाटलेली बॅडमिंटनची जाळी आणि गणपतीचं उरलेलं मखर यांच्यामध्ये मी त्याला जागा केली. शनिवारी सकाळी नऊला खुर्ची ओढून बसतोय तोच दारात सहाव्या मजल्यावरचे आचार, आदराने आचार्रु. बँकेतून निवृत्त. पंचांग पाठ. श्रीगंध एन्क्लेव्हमध्ये त्यांना न विचारता कोणी कुकरची रिंगही बदलत नाही.

"हेब्बार! शनिवारी नऊला? राहुकाळात?"

"आचार्रे, नुसतं सॉफ्टवेअर उतरवायचं आहे."

"उतरवा ना, कोण नको म्हणतंय. साडेदहानंतर उतरवा. राहुकाळात सुरू केलेलं काम पूर्ण होत नाही असं नाही. ते पूर्णच होत राहतं."

साडेदहापर्यंत आम्ही कॅरम खेळलो. मी हरलो. साडेदहाला आचार्रुंनी डोळे मिटून मान हलवली, मी बटण दाबलं, आणि नेमकी वीज गेली. "बघा," आचार्रु म्हणाले, "नऊला केलं असतं तर काय झालं असतं!"

त्यानंतर जे सुरू झालं त्याला काम म्हणायचं की तपश्चर्या ते मला अजून ठरवता आलेलं नाही. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. मी पुस्तिकेतली ओळ टंकायची आणि यंत्राने नाही म्हणायचं. आधी म्हणालं, या दारावर आधीच कोणीतरी बसलंय. दोन दिवस शोधल्यावर कळलं की जुन्या हिशेबनिसाचं सॉफ्टवेअर तिथे बसून होतं. हिशेबनीस संस्था सोडून गेलेला, त्याच्या सॉफ्टवेअरला कोणी कळवलेलं नव्हतं. ते उठवलं तर म्हणालं, पाचही अॅपची ओळखपत्रं खोटी आहेत. पाचांपैकी एका कंपनीला फोन केला, तिथल्या मुलीने मला "तुमची समस्या आमच्यासाठी महत्त्वाची आहे" हे इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मीच तिची समजूत काढली.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची हरिणी बॅडमिंटनची रॅकेट शोधत आली. ही पोरगी कुठल्याशा कंपनीत दिवसभर हेच करते. तिने पडद्याकडे एक नजर टाकली.

"अंकल, तारीख बघा."

या संगणकाच्या मते साल दोन हजार दोन चाललं होतं. आतली बटणाएवढी बॅटरी कधीच संपलेली. ओळखपत्रं सगळी त्यानंतरची, म्हणजे त्याच्या हिशेबाने अजून जन्मालाच न आलेल्या लोकांची. त्याने विश्वास ठेवावा तरी कसा?

"आणि अंकल, हे सगळं भाड्याच्या सर्व्हरवर का नाही टाकत? दहा मिनिटांचं काम आहे."

मला 'अंकल' जास्त लागलं की 'दहा मिनिटं', सांगता येत नाही. मी म्हणालो, "बाळ, आपल्या हातांनी करण्यात एक समाधान असतं." ती "हो अंकल" म्हणाली आणि रॅकेट घेऊन गेली.

आता एक बारीकशी गोष्ट. बारीक आहे, पण लक्षात असू द्या. गेटवे चालतो की नाही हे तपासायला सुरुवातीला एक साधा नियम लिहून द्यायचा असतो. मी फाइलमध्ये लिहिलं: कोणीही येवो, काहीही मागो, उत्तर एकच, 'फ्लॅट ११०४, परवानगी आहे.' अकराशे चार म्हणजे आमचंच घर. मग कार्ड टेकवलं, लिफ्ट अकराव्या मजल्यावर आली, आणि मी एकटाच तिथे टाळ्या वाजवल्या. अलमेलूने दार उघडून बघितलं आणि बंद केलं.

नंतर खरे नियम, दोनशे फ्लॅटचे, मी चालू गेटवेला एकेक करून पडद्यावरून शिकवले. ते त्याने पाठ केले. पण फाइलमध्ये उतरवून ठेवायचे राहिले. म्हणजे असं, की स्वयंपाकाच्या बाईला तोंडी सगळं सांगितलं, तिला ते चोख कळलं, पण ओट्यावरच्या चिठ्ठीवर आपलं पहिल्या दिवशीचं 'फक्त भात लाव' तसंच राहिलं. बाई जागी आहे तोवर काही बिघडत नाही.

आणि खरंच बिघडलं नाही! नवरात्राच्या पहिल्या दिवशी गेटवे सुरू झाला. पाहुणा फाटकावर आला की फ्लॅटमध्ये फोन वाजे, एक 'हो' दाबलं की फाटक उघडे, रखवालदार हातात देई ते पाहुण्याचं कार्ड जिवंत होई आणि लिफ्ट त्याला बरोबर मजल्यावर नेऊन ठेवी. गंगाधरप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आचार्रुंनी सगळ्यांना सांगितलं की मुहूर्त त्यांचा होता. मी लिफ्टमध्ये उगीचच खालीवर करत असे.

अलमेलूच्या बाहुल्या मांडून झाल्या होत्या. नऊ पायऱ्या, पांढरी चादर, राजा-राणीला नवी जरी. पहिल्या दिवशी चण्याचं सुंडल. दुसऱ्या दिवशी मुगाचं. संध्याकाळी ती रेशमी साडी नेसून, मोगरा माळून सोफ्यावर बसे. मी फोन समोर ठेवून बसे. फोन वाजत नसे.

कमलाआत्यांचा गुडघा आता दोन बस झेपवेना. बिल्डिंगमधल्या बायकांना अलमेलू जातीने बोलावून आली होती. "येतो हं नक्की," सगळ्या म्हणाल्या. पण कोणाची कामावरून यायची वेळ, कोणाच्या मुलाची शिकवणी, कोणी नुसतीच दार लावून बसलेली. पाचव्या दिवशी मी म्हणालो, "यंत्रात काही दोष नाही. मी दोनदा तपासलं."

"यंत्रात नसेलच," ती म्हणाली. "दार उघडं आहे हो. माणसं कुठायत?"

मी आत जाऊन सुंडल खाल्लं. मला सुंडल आता दृष्टीसमोर नको झालं होतं, पण डबा भरलेला दिसला असता तर तिला अजून वाईट वाटलं असतं.

नववा दिवस आयुधपूजेचा, म्हणजे खंडेनवमीचा. तळघरात गाड्या धुऊन, हार घालून, चाकांखाली लिंबं ठेवून तयार. वाटेत कोहळे फुटलेले. मी दुपारी केळीची पानं आणायला गांधी बझारला गेलो आणि गर्दीत चांगला अडकलो. साडेपाचला परतलो तर रखवालदार दिगंत फाटकाचा दांडा खांद्याने उचलून गाड्या सोडत होता. लिफ्टसमोर पाच-सहा जण हातात कार्ड घेऊन उभे.

"काय झालं?"

"सर, सगळं बंद आहे. आचार सर म्हणाले, आज चालत नाही."

मी क्लबहाउसमागच्या खोलीकडे धावलो. सर्व्हर मखरात बसवलेला होता. खरंच, गणपतीच्या मखरात. त्याला झेंडूचा हार, पडद्यावर हळदीचे तीन पट्टे, मधोमध कुंकू, समोर चुरमुरे, आणि वायरी सगळ्या काढून नीट गुंडाळून बाजूला ठेवलेल्या. आचार्रु उपरणं सावरत कापूर विझायची वाट बघत होते.

"आचार्रे! हा बंद कोणी केला?"

"मी. आज आयुधांनी विश्रांती घ्यायची असते, हेब्बार. सुतार करवत चालवत नाही, मी चष्मासुद्धा देवापुढे ठेवलाय. तुमचा हा तर सगळ्या बिल्डिंगचं ओझं वाहतो. त्याला एक दिवस नको?"

"अहो, पण हा सर्व्हर आहे!"

"म्हणूनच. सेवा करणाऱ्याला आधी विश्रांती."

मनात आलं की गंगाधरप्पांनी विचारलं होतं ते हेच. जेवायला नाही गेला, पण निजवला तर गेलाच. आठला गंगाधरप्पांच्या मुलीला, चैत्राला, बघायला दावणगेरेहून मुलाकडची माणसं यायची होती, आणि मी घाईघाईने वायरी जोडल्या. पंख्यातून आधी कुंकवाचा एक लोट आला, मागून दोन चुरमुरे, आणि मग हिरवा दिवा लागला. लिफ्ट हलल्याचा आवाज आला. मी आचार्रुंकडे असं बघितलं की त्यांनी कापूर स्वतःच विझवला. मग मी घरी आंघोळीला गेलो.

सहाच्या सुमारास दाराची घंटा वाजली. अलमेलू लगबगीने उठली. दारात एक जेवण पोचवणारा माणूस, हातात पिशवी, पिशवीला चिकन बिर्याणीचा वास. नवमीच्या संध्याकाळी, शाकाहारी अय्यंगारांच्या दारात!

"अकराशे चार?"

"अकराशे चारच, पण हे आमचं नाही."

"मॅडम, फाटकावर सांगितलं, अकराशे चार, परवानगी आहे."

त्याच्या मागे लिफ्टचं दार पुन्हा उघडलं आणि त्यातून आचार्रु, त्यांची बायको आणि दोन नाती बाहेर आल्या. "आम्ही सहाव्यावर जात होतो," आचार्रु म्हणाले. मग त्यांचं लक्ष पिशवीकडे गेलं. पिशवीवर ठळक अक्षरात नाव होतं: पी. आचार. त्यांच्या मुलाचं नाव प्राणेश.

आचार्रुंनी चष्मा चाचपला. तो देवापुढे होता. "हे नाव," ते म्हणाले, "आमच्याकडे फार घरांत असतं."

तेवढ्यात लिफ्ट खाली जाऊन पुन्हा वर आली होती. आता तिच्यातून चौथ्या मजल्यावरच्या तिघी बायका, टँकरवाला पावतीवर सही मागायला आणि हरिणी. हरिणीने माझ्याकडे बघितलं, लिफ्टकडे बघितलं, दाराच्या पाटीकडे बघितलं आणि तोंडावर हात धरला.

"अंकल, नियम फाइलमध्ये उतरवले होते ना?"

माझ्या अंगावरचं पाणी अजून सुकलं नव्हतं, तरी घाम फुटला. बाईला झोपवून उठवलं होतं. ती सगळं विसरली होती आणि ओट्यावरची पहिली चिठ्ठी वाचून कामाला लागली होती. कोणीही येवो, काहीही मागो, फ्लॅट ११०४, परवानगी आहे.

"मी खाली जाऊन बघतो," म्हणून मी लिफ्टकडे वळलो, पण लिफ्टमधून एवढी माणसं बाहेर येत होती की आत शिरायला जागाच नव्हती. ज्याला खाली जायचं तो खाली जाई, आपलं कार्ड टेकवी आणि पुन्हा आमच्याकडे येई. जिने होते. पण रेशमी साडीत हातात पूजेचं ताट घेऊन अकरा मजले कोण उतरणार, आणि तेही समोरच्या घरातून फोडणीचा वास येत असताना? पहिल्या फेरीला लोक रागावले. दुसऱ्या फेरीला हसले. तिसऱ्या फेरीला चपला काढून आत आले.

मग मी आत नजर टाकली. अलमेलू एका हाताने कुंकू लावत होती आणि दुसऱ्या हाताने सुंडल वाढत होती. "या, या, बसा. अहो, चटई आणा! ती वाण्याच्या दुकानातली तागडी खरी आहे बरं का, वजन करते. हे मत्स्य, हे कूर्म. हा वराह जरा रंग उडालेला आहे, आमच्या आजीच्या वेळचा." आचार्रुंच्या नाती क्रिकेटच्या सामन्यासमोर आडव्या पडल्या. टँकरवाल्याने राजा-राणीला हात जोडले आणि सही विसरला. जेवण पोचवणाऱ्यानेही बिर्याणी बाहेर, चपलांजवळ ठेवून सुंडल खाल्लं. मला वाटलं होतं मी यंत्र दुरुस्त करायला धावेन. मी चटई आणायला धावलो.

साडेसहाला, ठरल्या वेळेआधीच, दावणगेरेची मंडळी आली. मुलगा, आई, वडील, मामा आणि पेढ्यांचे खोके. एवढा गोतावळा बघून मुलाची आई भारावली. "बघा, मुलीकडे किती माणसं जोडलेली आहेत," ती नवऱ्याला म्हणाली. अलमेलूने त्यांना बाहुल्यांच्या अगदी पुढे बसवलं. ते कोण आहेत हे तिने विचारलं नाही. त्या संध्याकाळी ती कोणालाच विचारत नव्हती.

पुढच्या लिफ्टने खुद्द चैत्रा आली. ढगळ टी-शर्ट, केसांना तेल, हातात दुधाची पिशवी. पार्लरवाली सातला येणार होती. मुलाने सरकून तिला बसायला जागा दिली. ती बसली आणि म्हणाली, "तुम्हालाही लिफ्टने फसवलं का?" तो म्हणाला, "मी दावणगेरेहून आलोय, मला वाटलं तुमच्याकडे असंच असतं." दोघं हसले. आणि त्याच वेळी पुढची लिफ्ट उघडून गंगाधरप्पा आले. त्यांनी ते दृश्य बघितलं आणि मग मला बघितलं.

अलमेलूने त्यांच्या हातात द्रोण ठेवला. "घ्या हो, शेवटचं आहे. सुंडल संपलं!" हे तिने असं सांगितलं की जणू घरात बक्षीस लागलं होतं. मल्लेश्वरम सोडल्यापासून तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

दसरा उलटल्यावर रविवारी खास बैठक बोलावली गेली. क्लबहाउस भरून गेलं. मी सादरीकरण बनवून नेलं होतं. पहिल्याच पानावर मधोमध चौकोन. त्यात नियम, फाइल आणि स्मरणशक्ती यांतला फरक तीन रंगांत दाखवला होता. दोष सिद्ध होत होता तो थोडा माझा, थोडा आचार्रुंचा आणि पुष्कळसा चुरमुऱ्यांचा.

गंगाधरप्पांनी चौकोनाकडे बघितलंसुद्धा नाही. "हेब्बार, मला एकच सांगा. झालं ते चुकून झालं की मुद्दाम? चुकून असेल तर प्रश्न नाही, आपण माणसंच आहोत. काम एखाद्या कंपनीला देऊ, तुम्ही समितीवर राहा. मुद्दाम केलं असेल तर मात्र हा अधिकाराचा दुरुपयोग आहे. दावणगेरेचे लोक 'घरी जाऊन कळवतो' म्हणून गेलेत. माझ्या मुलीला त्यांनी तेलकट केसांत बघितलं."

"बाबा, मला काही अडचण नाही," मागून चैत्रा म्हणाली.

"तू गप्प बस."

सोपं होतं. 'चुकून' म्हणायचं, सादरीकरण पुढे सरकवायचं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बायकांच्या बाजूने कुजबुज आली. चौथ्या मजल्यावरची एक जण अलमेलूचा हात धरून म्हणत होती, "काही म्हणा हं, बायकोच्या बाहुल्या बघायला सगळी बिल्डिंग उचलून आणली. आमच्या ह्यांना तर मी नवरात्रात काय नेसले तेही आठवत नाही." दुसरी म्हणाली, "नशीब लागतं." अलमेलू खाली मान घालून पदराचं टोक गुंडाळत होती, आणि लाजत होती. या वयात! सगळ्यांदेखत!

मी सादरीकरण बंद केलं.

"मुद्दाम केलं," मी म्हणालो.

आचार्रु दचकले. हरिणीने डोळे मोठे केले आणि काही बोलली नाही, त्याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहे. गंगाधरप्पांनी घसा साफ केला. ठराव झाला: श्री. हेब्बार यांना समितीवरून दूर करण्यात येत आहे, यापुढे त्यांनी संस्थेच्या कोणत्याही यंत्राला हात लावू नये, लिफ्टच्या कार्डाखेरीज. विरोधात फक्त बायकांचे हात वर झाले, पण ते बरेच होते आणि पुन्हा मोजावे लागले. मी उठलो. सॉफ्टवेअरमधली माझी उरलीसुरली अब्रू तिथे ठेवून, एका बदनाम पण प्रेमळ नवऱ्याच्या ऐटीत बाहेर पडलो.

घरी आल्यावर अलमेलूने कॉफी केली. बाहुल्या कागदात गुंडाळून खोक्यांत ठेवायचं काम चालू होतं. तिने दशावतारांतला वराह हातात घेतला, मऊ फडक्याने पुसला. मी सोफ्यावर जरा रेलून बसलो. अशा वेळी नवऱ्याने स्वतःहून काही बोलू नये.

"तुम्ही असं का सांगितलंत?" तिने विचारलं.

"जे खरं ते सांगितलं."

तिने वराह कागदात गुंडाळला.

"ते चुकून झालं होतं," ती म्हणाली. "मला त्याच संध्याकाळी कळलं होतं."

मी ताठ बसलो. हरिणीचं ऋण मी तिथल्या तिथे रद्द करून टाकलं. "हरिणीने सांगितलं का?"

"कोणी कशाला सांगायला हवं?" अलमेलूने खोक्याचं झाकण लावलं, माझ्या कपातली कॉफी गार झाली का ते बोटाने बघितलं आणि कप पुन्हा गरम करायला उचलला. "अहो, इतकी वर्षं तुमच्याबरोबर काढली. मुद्दाम करायला गेला असतात, तर चार माणसंसुद्धा आली नसती."